दोन हिवाळ्यांचं बी

आखातातल्या अल कुसैसमधल्या एका शीतगृहात शैलेंद्र सुपरवायझर होता. कुठलं फळ किती अंशावर ठेवायचं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. त्याची थोरली बहीण लतिकाताई कॅनडात, ओंटारिओत राहायची. १९९७च्या ऑगस्टमध्ये पुण्याला जाताना ती दोन दिवस त्याच्याकडे उतरली आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या बारा बिया तिने त्याच्या हातावर ठेवल्या.

"ट्रिलियमच्या आहेत. आमच्या घरामागच्या रानात फुलतात. बेलासारखी तीन पानं, वर तीन पांढऱ्या पाकळ्या. मोठ्या झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत फुलून घेतात. बघायला ये म्हणून किती वर्षं सांगतेय तुला!"

"ताई, तुझी फुलं मे महिन्यात आणि माझा आंबाही मे महिन्यातच. सुट्टी कोण देणार?"

"म्हणून तर बियाच आणल्या. पण यांना दोन हिवाळे लागतात हं. एका थंडीत मूळ, दुसऱ्या थंडीत पान. फूल सात वर्षांनी."

"सात? इथे व्हिसाच तीन वर्षांचा," त्याची बायको आभा हसली.

शैलेंद्रने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बिया पेरल्या आणि डबा गाजरांच्या खोलीत, चार अंशावर ठेवला. स्टोअरकीपर खैरुद्दीनने झाकण उघडून पाहिलं. "साब, इसमें तो खाली मिट्टी है!"

"रहने दो. उसको सर्दी चाहिए."

चार महिन्यांनी डबा घरी आला. वर काहीच दिसेना. उन्हाळाभर तो एसीच्या खोलीत राहिला. एकदा न राहवून शैलेंद्रने काडीने माती उकरली, तर एका बीला दोऱ्याएवढं पांढरं मूळ! त्याने घाईघाईने ते झाकलं. पुढच्या थंडीला डबा पुन्हा गाजरांशेजारी गेला.

१९९९च्या मार्चमध्ये नखाएवढं एक पान वर आलं.

"दॅट्स इट? वन लीफ?" त्याची आठ वर्षांची मुलगी दिया म्हणाली.

शैलेंद्रने तडक कॅनडाला फोन लावला. ताई खूप हसली.

"यंदा तुझ्याकडे किती फुलतील गं?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक. गेल्या वर्षी मी रानात गेलेच नाही. गुडघे चालू देत नाहीत रे."

"बोलली का नाहीस?"

"तू दर फोनला बियांचंच विचारायचास, शैलू."

फोन ठेवल्यावर त्याची नजर डब्यावर गेली. दीड वर्ष त्याने मातीचा ओलावा रोज बोटाने तपासला होता. ताई एकटी असते, तिला बाजारहाट कोण करून देतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजर मुरलीधरसमोर उभा राहिला.

"मेमध्ये? मँगो सीझनमध्ये? आर यू मॅड?"

"बारा साल में एक बार भी मई में छुट्टी नहीं माँगी, सर. खैरुद्दीन सब सँभाल लेगा."

मुरलीधरने कॅलेंडरची पानं खालीवर केली. शेवटी म्हणाला, "दस दिन. खलास."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओंटारिओतल्या त्या रानात शैलेंद्रच्या एका हातात ताईचा दंड होता, दुसऱ्यात घडीची खुर्ची. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पांढरं पसरलं होतं. वीस पावलं चाललं की तो खुर्ची उघडायचा, ताई बसायची, दम खायची.

"बस का आता? परत फिरायचं?" त्याने विचारलं.

"छे! त्या ओढ्यापर्यंत ने," ताई म्हणाली. तिला उठवून त्याने खुर्ची मिटली.