बाहेरचे टाके

इस्पितळातल्या त्या छोट्या खोलीत बसल्यावर आईच्या लक्षात आलं, की माप घ्यायची टेप गळ्यातच राहिली आहे. शिवणाच्या मशीनवरून उठली ती थेट लेकीबरोबर निघाली होती. तिनं टेप काढून मुठीत गुंडाळली. समोरच्या सल्लागार बाईंनी ते पाहिलं.

"शिवता का तुम्ही?"

"हो. त्यावरच दोन मुलं वाढवली."

त्या दोघांतली ही थोरली. लग्न झालेली, नुकतेच दिवस गेलेली. धाकटा घरी होता. त्याला लहानपणीच स्नायू झिजण्याचा आजार जडला. आधी पळणं गेलं, मग चालणं, मग हात वर उचलणं. आता विशीत आला होता आणि चाकांच्या खुर्चीत बसून दिवसभर हुकूम सोडायचा, म्हणून घरात त्याचं नाव नबाब पडलं होतं. नबाबाची बोटं मात्र अजून शाबूत होती, आणि जीभ तर गरजेपेक्षा जरा जास्तच.

थोरलीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पोटातल्या बाळाला हाच आजार असेल का?

"ते बघता येतं," सल्लागार बाई म्हणाल्या. "बाळाला पोसणाऱ्या वारेचा कणभर तुकडा काढून तपासतात. पण तपासायचं कुठं, ते आधी ठाऊक हवं. असं समजा, कपडा बेतायचा एक भलामोठा कागदी खाका आहे आणि त्यात एकच खूण चुकली आहे. नुसता कागद बघत बसलो तर शोधण्यात दिवस जातील. पण त्याच खाक्यावरून शिवलेला कपडा हातात असला..."

"तर कुठं ओढलं जातंय ते दिसतं," आई म्हणाली.

"बरोबर. म्हणून आधी तुमच्या मुलाचं रक्त लागेल."

थोरलीनं मान खाली घातली. आईनं टेपचा वेढा सोडला, पुन्हा घातला. "त्याला न सांगता घेता येईल का? नेहमीच्या तपासणीत?"

"नाही. तो सज्ञान आहे. त्याला सगळं सांगायचं आणि विचारायचं. तो नाही म्हणाला, तर नाही."

"आणि हे त्याच्यात आलं कुठून?"

"बहुधा तुमच्याकडून. बाईत दिसत नाही, पण मुलग्यात उतरतं. यात दोष कुणाचाच नाही."

दोष नाही, हे आईनं कडू औषधासारखं गिळलं. गुण काही आला नाही.

घरी खुंटीवर थोरलीचे झगे लटकत होते. गोड बातमी कळली त्याच आठवड्यात आईनं ते सैल करायला घेतले होते. "अजून वाटाण्याएवढं आहे ते, आणि तू तंबू कसले शिवतेस?" थोरली हसली होती. आईनं निळ्या झग्याला बाहेरच्या अंगानं नवी शिवण मारली आणि आतली जुनी उसवायला नबाबाच्या मांडीवर दिली. दुपारभर तो लहान कात्रीच्या टोकानं एकेक टाका काढत होता. "मामाकडून पहिला आहेर," म्हणाला होता.

आता त्याच मामाकडे हे मागायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आईची गत झाली. तिनं त्याला भरवलं, तोंड पुसलं, उशी हलवली, पांघरूण सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

"आई," नबाब म्हणाला, "एवढी सेवा खऱ्या नबाबाचीसुद्धा होत नाही. काय हवंय?"

तिनं सांगितलं. खाका, शिवलेला कपडा, सगळं सांगितलं. त्यानं खिडकीकडे मान फिरवली.

"म्हणजे बिघडलेला सदरा मी. तो दाखवून म्हणायचं, असला नको."

"असं बोलू नये रे."

"मग कसं बोलू? तूच शिकव." त्यानं मान तिच्याकडे वळवली. "माझ्या वेळी ही तपासणी असती, तर केली असतीस?"

आईच्या ओठांवर खोटं तयार होतं. त्याच्या डोळ्यांकडे बघताना ते निघेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं. नाही म्हणाली असतीस तर विश्वास बसला नसता, आणि हो म्हणाली असतीस तर..."  तो हसला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मीच की. देतो रक्त. मला उचलून उचलून तुझी कंबर गेली, ते ताईनं रोज पाहिलंय. तिनं काय निवडावं, ते मी कसं सांगू? पण माझी एक अट आहे. पुढं काय ठरलं, ते मला सांगायचं नाही. बाळ आलं तर दिसेलच."

रक्त घ्यायला नर्सबाई घरी आल्या. नबाबाची शीर सापडेना.

"दमानं घ्या," तो म्हणाला. "खानदानी रक्त आहे, बोलावल्याबरोबर येत नाही."

नर्सबाई हसल्या. थोरलीनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तिथंच ठेवला. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

चुकलेली खूण सापडली. ती आईच्या रक्तात निघाली, थोरलीच्या निघाली, आणि वारेच्या त्या कणभर तुकड्यातही निघाली; बाळाला हाच आजार होणार होता. थोरली आणि जावई दार लावून बोलत बसायचे. आईला त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिनंही तोंड उघडलं नाही. शेवटी ठरलं. इस्पितळात थोरली भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. घरी आईनं सांगितलं, गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेले होते. नबाबानं "बरं" म्हटलं.

पुढं एकदा थोरली नेलेल्या झग्यांची पिशवी दारातूनच परत देऊन गेली. "कंबर पहिल्यासारखी कर, आई," एवढंच हळूच म्हणाली. आईनं झगे बाकीच्या कामाच्या ढिगात खाली दडवले. दुपारी नबाबाचा डोळा लागलेला पाहून निळा काढला, दोन्ही बाजूंना आत, जुन्या जागी शिवण मारली आणि पुन्हा ढिगाखाली सारला.

संध्याकाळी खुर्ची मशीनजवळ आली.

"निळा झगा दे."

"कुठला?"

"दडवलेला. मी जागा होतो. लांब, सरळ दोन शिवणी मारल्यास. बाहेरचे टाके उसवायचे राहिलेत."

"मी उसवीन."

"या उजेडात तुला टाका दिसतो का? दे इकडे."

आईनं झगा त्याच्या मांडीवर पसरला आणि लहान कात्री त्याच्या बोटांत दिली. तो टोकानं टाका उचलायचा, कापायचा, थांबायचा. कापडाला कुठं ओढ लागू देत नव्हता. दोरे मांडीवर गळत होते आणि आई ते एकेक करून वेचत होती. त्यानं काही विचारलं नाही. तिनंही अट मोडली नाही.

एक बाजू संपली तेव्हा त्यानं कात्री खाली ठेवली.

"फिरव," तो म्हणाला. झगा उलटवणं त्याच्या हातांना जमत नव्हतं.

आईनं झगा फिरवून दिला.