उशीवाल्या काकींची वेबसाइट

मी एक जुनी वेबसाइट आहे. मित्रांनो, हसू नका. वेबसाइटलाही म्हातारपण येते, आणि माणसापेक्षा लवकर येते. माझे सारे आयुष्य उशांच्या एका दुकानाची पाटी म्हणून गेले. दुकान म्हणजे तरी काय, घराची मागची खोली. तिथे एक शिलाई मशीन, कापसाचे गठ्ठे आणि खिडकीपाशी एक संगणक. त्याच्या पडद्यावर मी बहुतेक वेळ उघडीच असते, म्हणून घरातले सगळे बोलणे माझ्या कानावर पडते.

या खोलीची धनीण म्हणजे काकी. साऱ्या गल्लीच्या काकी. त्यांच्या हातची उशी मध्ये खोलगट आणि मानेखाली उंच. तिच्यावर डोके टेकले की आधी देव आठवतो आणि मग झोप लागते, असे गिऱ्हाईक म्हणत.

मला घडवले काकींच्या धाकट्या दिराने. भाऊजी भारी हौशी! नुकते जे जे शिकले होते, ते ते त्यांनी माझ्या अंगावर चढवले. मला उघडले की वरून पिसे पडत. उशा कापसाच्या, मग ही पिसे कुणाची, हे त्यांना कोणी विचारले नाही. मागे बासरी वाजे. ती बंद कशी करायची हे खुद्द भाऊजींनाही ठाऊक नव्हते. मधोमध काकींचा फोटो, तो इतका जड की आधी कपाळ दिसे, आणि चहा पिऊन परत यावे तेव्हा हनुवटी. तरी माझे कौतुक काय झाले! सगळ्या नातेवाइकांनी मला उघडून पाहिले. मला गर्व झाला, आणि गर्वाचे घर खाली, हे कुणालाच चुकत नाही.

पुढे बाजारात स्पंजच्या उशा आल्या. माझ्याकडे कोणी फिरकेना. दुकानाचा फोन नंबर बदलला, माझ्यावर मात्र जुनाच राहिला. तो नंबर आता दातांच्या एका डॉक्टरांना मिळाला होता. ते बिचारे सज्जन. उशी मागणाऱ्याला सांगत, "उशी नाही हो, पण दाढ दुखत असेल तर या."

अखेर एके दिवशी काका काकींना म्हणाले, "अगं, किती दिवस कापूस पिंजत बसणार? महिनाअखेरीला मशीन देऊन टाकू. खोलीला भाडेकरू मिळेल."

काकींच्या मशीनचा आवाज तेवढा वाढला.

पण देवाला काळजी. त्याच आठवड्यात, एका गिऱ्हाइकाकडून नवा नंबर मिळवून, टीव्हीवाल्यांचा फोन आला. एका नामवंत गायिकेने मुलाखतीत सांगितले होते, "दौऱ्यावर निघताना एक वेळ तंबोरा विसरेन, पण काकींची उशी नाही." ती मुलाखत रविवारी सकाळी दाखवणार होते. फोनवरच्या माणसाने बजावले, "काकी, वेबसाइट सांभाळा. कार्यक्रम संपायच्या आत माणसं तुटून पडतात."

मित्रांनो, माझे तर हातपाय गळाले. म्हणजे असते तर गळाले असते.

तेव्हा सूनबाई पदर खोचून उभी राहिली. ती एका दवाखान्यात नंबर देणाऱ्या खिडकीवर बसते. गर्दी म्हणजे काय, हे तिला शिकवावे लागत नाही. रोज कामावरून आली की ती मला घेऊन बसे.

"आई, पिसं काढते."

"काढ."

"बासरी?"

"ती आधी काढ गं बाई. डोकं उठवलंय तिनं."

"आणि तुमचा फोटो लहान करते."

काकींची सुई थांबली. "किती लहान?"

"पोस्टकार्डाएवढा."

"बरं. पण चेहरा हसरा राहू दे."

मी इतकी हलकी झाले की मला मीच ओळखू येईना. सूनबाईने फोन नंबर बदलला. काकांकडून खोटी मागणी नोंदवून पाहिली, तर ती भाऊजींच्या जुन्या ईमेलवर गेली, आणि तिथला पासवर्ड भाऊजी विसरलेले. तेही नीट केले. मग तिने खरी युक्ती केली. एका वेळी थोडीच माणसे आत घ्यायची. बाकीच्यांना एक पान दिसेल, 'जरा थांबा, आपला नंबर येतोय.' आतला बाहेर पडला की पुढचा आत.

"दारात आलेल्याला थांबवायचं?" काकींना ते पटेना.

"धक्काबुक्कीत कुणालाच काही मिळत नाही, आई. आमच्याकडे रोज बघते ना मी."

काकींनी मान हलवली. पण मनात त्यांचे दुकानदारीचे जुने शास्त्र होते, की रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. दुकान उघडले त्या दिवशी त्यांनी नणंदा, जावा, मावश्या सगळ्यांना गिऱ्हाईक म्हणून आत बसवले होते. रविवारी सकाळी त्यांनी तेच केले. सूनबाईला न सांगता नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवले, "सगळ्यांनी आत्ताच आपली वेबसाइट उघडून बसा. कुणी हलू नका. दुकान भरलेलं दिसू दे. ओळखीच्यांनाही सांगा."

आमच्या घरात कधी कुणी कुणाचे ऐकत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकले.

मुलाखत सुरू झाली. गायिकेने उशीचे नाव काढताच खरी गिऱ्हाइके धावत आली आणि दाराशी थबकली. आत जागाच नव्हती. आत नणंदा, आत जावा, आत मामेभावाच्या कचेरीतली अख्खी मंडळी. कोणी काही घेईना, कोणी उठेना. बाहेर 'जरा थांबा', आत निवांत!

"इतकी माणसं आत, आणि मागणी एकही नाही?" सूनबाईला घाम फुटला. इतक्यात गिऱ्हाइकांनी सूचना लिहायच्या चौकटीत कोणीतरी लिहिले, 'वहिनी, पोचलो. आता काय करू?' त्याखाली दुसरे, 'मीपण आलेय. फोटोत बारीक दिसतेस.'

सूनबाईने हळूच मान वळवली. "आई?"

काकींचा चेहरा उतरला. "दुकान रिकामं दिसू नये म्हणून गं…"

"अहो, बाहेरच्याला आतलं दिसतच नाही! बाहेर माणसं कंटाळून परत चाललीत!"

काकींनी फोन उचलला आणि ग्रुपवर आवाजी निरोप धाडला, "बाहेर या रे सगळे!" कोणी हलेना. मावशींचे उत्तर आले, "मी उठले तर मोकळं नाही का दिसणार?" मामा म्हणाले, "आत्ता कुठे नीट उघडलंय."

मशीन विकले जाणार, खोली जाणार, असे दिसू लागले. काकींनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले, आणि दुसरा निरोप धाडला.

"जो आत राहील, त्याला उशी घ्यावी लागेल. पूर्ण किमतीला."

मित्रांनो, जन्मभर फुकट उशा नेलेली माणसे ती! पापणी लवायच्या आत मी मोकळी झाले. खरी गिऱ्हाइके रांगेने आत आली, आणि मागण्या अशा येऊ लागल्या की सूनबाईचे वाचून होईना.

पण सगळे गेले, तरी एक जण आतच होता. थोड्या वेळाने त्याचीही मागणी आली. एक उशी, पूर्ण किंमत, पैसे भरलेले. पत्ता आमच्याच घराचा. सूचनांच्या चौकटीत लिहिले होते, 'मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत पोचवणे. घाई नाही. मशीन कुठे जात नाही.'

पुढच्या खोलीत काका चष्मा पुसत बसले होते. काकी दारात जाऊन म्हणाल्या, "अहो, नंबर लागलाय तुमचा. जरा थांबा."

मित्रांनो, आता मी पुन्हा कामाची झाले आहे. सूनबाई दर आठवड्याला माझी झाडलोट करते. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला अडगळीत टाकू नका. गर्दीचा दिवस उगवण्याआधीच तिची धूळ झटका. आणि प्रेमाने भेटायला गेलात, तर दारात बसून राहू नका. मागे कोणीतरी उभे असते.