डाव्या कानावरची भेग

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. मोटारसायकलचे नव्हे, बेसबॉलचे. बॅट धरून उभ्या राहणाऱ्या खेळाडूने डोक्यात घालायचे, दोन्ही कानांवर पाळ्या असलेले. बेसबॉलचा चेंडू कातड्याचा आणि दगडासारखा टणक असतो. तो डोक्याकडे आला तर आपण मध्ये यायचे, एवढेच माझे काम. अशा कामात घाबरून चालत नाही. पण मी मात्र आयुष्यभर घाबरतच राहिलो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. आम्ही पुष्कळ भावंडे होतो. आमच्यातल्या एकाला कामगारांनी उचलून नेले आणि यंत्राखाली जोरात ठोकून पाहिले. ते टिकले, म्हणून आम्ही बाकीचे सगळे पास झालो. मला कुणी ठोकले नाही. आपण खरोखर टिकू का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला.

पुढे मी पेणच्या एका शाळेत आलो. तिथली पहिली वर्षे चांगली गेली. मुले मला घालण्यासाठी भांडत, सामना जिंकल्यावर हवेत उडवत. मग एकदा सामन्याहून परत येताना टेम्पोच्या टपावर बांधलेली आमची बॅग सुटली आणि वडखळजवळ रस्त्यावर आदळली. आत असलेल्या लोखंडी पेटीचा कोपरा माझ्या डाव्या कानाच्या वर बसला. बाहेरून नुसता ओरखडा उठला. आतून मात्र कर्र असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला.

नंतर त्या शाळेत बेसबॉल बंद पडला आणि सगळे सामान पोपटशेठच्या खेळाच्या दुकानात गेले. पोपटशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने मला धुतले, पुसले, वर निळा रंग मारला आणि आत नवा फोम चिकटवला. झाले! माझी भेग दोन्हीकडून झाकली गेली. कॅरम बोर्डांच्या वरच्या फळीवर मी बसून राहिलो. शेजारच्या कारखान्यातून गणपतींच्या रंगाचा वास येई. दुकानात कुणी मुलाला घेऊन आले की मी मनात म्हणे, इकडे बघू नका.

एके दिवशी रोह्याजवळच्या वरसे गावाहून विशाल नावाचा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचे नाव भूमिका. चौदा वर्षांची, उंच, हडकुळी. विशाल कंपनीत नोकरीला होता आणि रात्रपाळी करून तसाच रेल्वेने पेणला आला होता.

"शेठ, पोरीला शाळेच्या बेसबॉलच्या टीममध्ये घेतलंय. काय काय लागतं ते आम्हाला ठाव नाय. तुम्हीच सांगा."

पोपटशेठने हातमोजा काढून दिला. भूमिकाने तो घाईघाईने उजव्या हातात घातला.

"असा नाय, बाय. ज्या हातानं चेंडू फेकतेस तो मोकळा ठेवायचा. मोजा दुसऱ्या हातात."

मग बॅटी निघाल्या. एक जड झाली, एक आखूड पडली. तिसरी तिने दोन्ही हातांत धरली आणि उभी राहिली. मी वरून जीव मुठीत धरून पाहत होतो. उजव्या हाताने खेळणारा बॅटर उभा राहिला की त्याचा डावा कान चेंडू फेकणाऱ्याकडे असतो. देवा, ही डावरी असू दे, मी म्हणत होतो. भूमिकाने डावा खांदा पुढे केला.

"हेल्मेट?" विशालने विचारले.

"नवं मुंबईवरनं मागवावं लागंल. आठवडाभर तरी जाईल."

"पप्पा, सोमवारपासून सराव हाय," भूमिका म्हणाली.

पोपटशेठने मला खाली काढले आणि माझ्यावर टकटक केले. "हे जुनं हाय, पण मजबूत हाय. तोवर वापरा."

तोवर! मित्रांनो, तो शब्द घरी पोचेपर्यंत सगळे विसरले. नव्या हेल्मेटची गोष्ट पुन्हा कुणी काढलीच नाही.

सरावाच्या पहिल्या दिवशी मला कळले की भूमिका माझ्याहून जास्त घाबरते. चेंडू सुटला की ती डोळे गच्च मिटून मागे सरके. तिच्या कपाळाचा घाम माझ्या फोममध्ये झिरपे. प्रतिक्षा मॅडम तिला शिकवत. त्या म्हणत, "डोळे मिटलेस तर चेंडू दिसणार कसा? आणि डोक्यावर हेल्मेट आहे ना? मग कशाला भ्यायचं?"

भूमिकाने ते मनावर घेतले. रोज ती थोडी कमी सरके. मग एकदा एक हळू चेंडू माझ्या टाळूला घासून गेला. ती जागची हलली नाही.

"काय झालं नाय, मॅडम! कळलंसुद्धा नाय!"

सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. घरी तिने मला ओल्या फडक्याने पुसले, आईला दाखवले, उशाशी ठेवले. इतके कौतुक माझे कधी झाले नव्हते. आणि त्याच धक्क्याने माझी भेग बोटभर पुढे सरकली होती. तिचे भय जात होते ते माझ्या भरवशावर, आणि तो भरवसा आतून फुटत चालला होता. मला तोंड नव्हते. ओरडून सांगणार कसे?

एकदा मात्र सुटकेची वाट दिसली. घामाने फोमचा डिंक सुटला आणि डाव्या बाजूचा तुकडा लोंबू लागला. भूमिकाने मला उजेडात उलटे धरले.

"पप्पा, आत रेघ हाय बघा."

विशाल दारात बूट घालत होता. त्याची शिफ्टची बस यायची होती. त्याने मला हातात घेतले आणि रेघेवर अंगठा फिरवला. 

"साच्याची रेघ असंल गो. आण तो गम इकडं."

फोम पुन्हा चिकटला. बस आली आणि विशाल गेला.

जिल्ह्याचे सामने पेणला भरले. विशालने सुट्टी काढली होती. तो कुंपणापाशी उभा होता. समोरच्या संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी मुलगी, उंच आणि जोरकस होती. तिचा चेंडू बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या हातात बसला की बंदुकीसारखा आवाज येई. भूमिका बॅट घेऊन पुढे गेली. तिचे हृदय मला ऐकू येत होते. पण पाय ठाम होते, डोळे उघडे होते. पहिला चेंडू बाहेरून गेला. दुसरा सुटतानाच पिचरच्या हातून निसटला. तो सरळ आमच्याकडे येत होता. सरक, भूमिका, सरक! पण न सरकायलाच तर ती शिकली होती.

कडाड आवाज झाला. मी कानापासून टाळूपर्यंत उकललो. भूमिका आडवी झाली. मी तिच्या डोक्यावरून निसटून मातीत पडलो, आणि माझ्या काठाला तिचे रक्त होते. कुंपणावरून उडी मारून विशाल धावत आला.

"भूमी! ए भूमी, बोल गो!"

ती बोलेना. कुणीतरी पाणी आणले. मी पडल्या पडल्या तिच्या पापण्यांकडे पाहत राहिलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ तो.

मग पापण्या हलल्या. "मॅडम, मी आऊट हाय का?"

"नाही गं," मॅडम रडत म्हणाल्या, "चेंडू अंगाला लागला की न मारताही पहिला बेस तुझाच असतो."

दवाखान्यात तिच्या कानामागे टाके पडले. पुढे बरेच दिवस तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजत होती. डॉक्टर म्हणाले, हेल्मेटने निम्मा मार तरी खाल्ला, नाहीतर अवघड होते. मला त्याचा आनंद झाला नाही. उरलेला निम्मा तिने खाल्ला होता.

आईने खेळ बंद म्हणून सांगितले. विशाल मला मांडीवर घेऊन बसे आणि त्या रेघेवरून बोट फिरवी. "तू दाखवलं होतंस मला," एवढेच तो एकदा लेकीला म्हणाला. तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले, डाव्या बाजूने नव्हे, उजव्या.

माझी खरी परीक्षा त्यानंतर आली. भंगारवाला दारात आला तेव्हा आईने मला डब्या-बाटल्यांबरोबर त्याच्यापुढे ठेवले. त्याने मला उचलून फिरवले. "चिकटवलं, रंग मारला की होईल काम. माझी पोरगी सायकल चालवती, तिला देईन."

पुन्हा रंग! पुन्हा एक डोके! माझ्या अंगात रक्त असते तर गोठले असते.

"नाय!" घरातून भूमिका धावत आली. "काका, तुमच्या पोरीला हे देऊ नका. पप्पा, करवत आणा."

भंगारवाला बघतच राहिला. भूमिकाने मला पायरीवर घट्ट धरले आणि विशालने करवत चालवली. दुखले का विचाराल तर दुखले. पण एकेका दातागणिक माझी कित्येक वर्षांची भीती भुशासारखी खाली पडत होती. भंगारवाल्याने एक अर्धा भाग नेला. जाताना म्हणाला, "बरं केलंस, बाय."

दुसरा, डाव्या कानाचा अर्धा, म्हणजे मी, आता शाळेच्या खेळाच्या खोलीत असतो. कुणी नवीन मूल आले, त्याचे आईबाप सामानाची चौकशी करू लागले की प्रतिक्षा मॅडम मला त्यांच्या हातात देतात. आधी बोलत नाहीत. नुसती आतली बाजू दाखवतात.

भूमिका पुन्हा खेळते. आईला तयार करायला बापलेकीला पुष्कळ दिवस लागले. नवे हेल्मेट आले तेव्हा विशालने ते उन्हात धरून आतून-बाहेरून पाहिले. अजूनही जोरात चेंडू आला की ती दचकून मागे होते, आणि मॅडम तिला रागवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल तर वरच्या रंगावर जाऊ नका. फोम उचला, आत बोट फिरवा. रेघ सापडली तर घाईत असलात तरी थांबा. आणि जे एकदा फुटले ते दयेपोटी कुणाला देऊ नका, तोडून टाका. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. मला आता कुणाच्याच डोक्यावर चढता येणार नाही, आणि जन्मात पहिल्यांदा मी निर्धास्त आहे.