आर्सेनिओच्या गाडीतलं दुसरं इंजिन

सतरा वर्षं मी नेरेइदाच्या गल्लीतून गेलो नव्हतो. काइबारिएन एवढंसं गाव, समुद्राला चिकटलेलं. त्यात एखादी गल्ली टाळायची म्हणजे रोज लांबचा फेरा पडतो. पाव आणायला एवढा वेळ कसा लागतो, असं बायको विचारायची. मी म्हणायचो, रांग होती. रांग असायचीच.

मग एका सोमवारी सकाळी नेरेइदाच माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"म्हातारा झालास की रे, बासिलिओ," ती म्हणाली. "मला इंजिन बसवून हवंय."

तिच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली आर्सेनिओची गाडी होती. पन्नास सालची, निळी, त्याच्या वडिलांनी नवीकोरी घेतलेली. आर्सेनिओ म्हणजे तिचा नवरा, आणि माझा शाळेपासूनचा मित्र. त्र्याण्णव साली, ना पेट्रोल मिळत होतं ना खायला, तेव्हा त्याने त्या गाडीतलं इंजिन गिअरबॉक्ससकट काढून एका होडीत बसवलं आणि आणखी चौघांना घेऊन तो चोरून समुद्रापलीकडे, उत्तरेला निघून गेला. पोचल्याची खबर आली नाही. बुडाल्याचीही नाही. गाडी तेव्हापासून पोट रिकामं करून चार दगडांवर उभी होती.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यात माझं नाव कुठे नव्हतं.

"सांता क्लारा शहरात विचार ना," मी म्हणालो. "तिकडे चांगले मेकॅनिक आहेत."

"त्यांना ही गाडी माहीत नाही. तुम्ही दोघं दर रविवारी तिच्याखाली पाय बाहेर टाकून पडलेले असायचात. कुठले पाय कोणाचे ते मी अंगणातून ओळखायचे. तुझ्या चपलेला कायम भोक."

मी चपला घातल्या आणि तिच्यामागे निघालो.

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी तिने सोडली होती. आता टॅक्सीचा परवाना काढून ती शेजारच्या रेमेदिओस गावापर्यंत माणसं नेणार होती. इंजिन तिच्या मामेभावाने आणून दिलं होतं, पाव वाटणाऱ्या एका जुन्या व्हॅनमधलं. चार सिलिंडरचं डिझेल, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स.

"पंधरा वर्षं पाव वाटलाय याने," ती म्हणाली. "आता माणसं वाटेल. चालेल ना?"

"चालेल. पण आधी बसलं पाहिजे."

बसणं सोपं नव्हतं. मी बॉनेट उघडलं आणि पहिला तासभर नुसता बघत राहिलो. एवढी मोठी जागा, आणि तिच्यात कोळ्यांची जाळी. मागच्या पत्र्यावर ग्रीसने माखलेल्या पंजाचा ठसा होता, पाचही बोटं स्पष्ट. इंजिन वर उचलताना आर्सेनिओने तिथे हात टेकला होता. साखळी मी ओढत होतो. तो म्हणाला होता, सावकाश, बाईला उचलून घेतोयस असं समज.

तो ठसा मी पुसला नाही. त्याच्याकडे पाठ करून काम करता येईना, आणि तोंड करूनही येईना.

पावाच्या व्हॅनचं इंजिन बुटकं, पण खाली त्याचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या लोखंडाला अडत होतं. चेंबर कापून पुढून उथळ केलं, मागून खोल केलं आणि पुन्हा वेल्डिंग मारलं. इंजिन ज्यावर टेकतं ती फाउंडेशनं जाड पत्र्यातून नवी बनवली. नवा गिअरबॉक्स फुगीर होता, म्हणून आतला तळाचा पत्रा हातोड्याने वर उचलावा लागला आणि गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडावं लागलं. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आता लांब पडत होता. तो साखर कारखान्यातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याने हातभर कमी करून दिला.

जुना गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता. त्याला आता काही जोडायचंच नव्हतं. मी तो काढायला घेतला.

"राहू दे तो," नेरेइदा म्हणाली.

"त्याचा उपयोग नाही काही."

"माहीत आहे मला. राहू दे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीखाली पडलो होतो. नेरेइदा बाजारात गेली होती. इंजिन अजून साखळीला टांगलेलं, कोरडं. आणि मला पाणी ठिबकताना ऐकू आलं. टप. थोडं थांबून परत टप. माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला, जिथे जुन्या इंजिनाचा पाण्याचा पंप असायचा तिथे.

मी हात लावून पाहिलं. माती भुकटी झालेली, कोरडी ठाक. बाहेर येऊन नळ पाहिला, पिंप पाहिलं. पुन्हा खाली शिरलो तर पुन्हा तेच.

तो आवाज मी ओळखत होतो. तो पंप गळका होता. त्याच्या मागचा एक नट दर तासाभराने पान्याने जरासा आवळावा लागायचा, नाहीतर पाणी जायचं आणि इंजिन तापून जाम व्हायचं. गाडीत त्याचं काही नव्हतं, थांबायचं नि आवळायचं. होडी बांधताना आर्सेनिओ म्हणाला होता, पंप बदलू या. मी म्हणालो होतो, बदलायला दुसरा मिळणार कुठे? मी आहे ना सोबत, आवळत राहीन.

चौथ्या दिवशी मी इंजिन खाली बसवलं. नेरेइदा कॉफी घेऊन आली. कप ठेवायला जागा बघता बघता तिची नजर माझ्या हत्यारांच्या पेटीत गेली. तिने अर्ध्या इंचाचा पाना उचलला आणि उजेडात धरला. त्याच्या दांडीवर कानशीने दोन अक्षरं कोरलेली होती. मग तिने दुसरा उचलला, मग तिसरा. सगळ्यांवर ती अक्षरं होती.

"हे त्याचे आहेत," ती म्हणाली.

मी गाडीच्या पलीकडे होतो. पलीकडेच राहिलो.

"ही पेटी मी घरभर शोधली होती. नाही सापडली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, हत्यारं घेऊन गेलाय. समुद्रात काही बिघडलं तरी दुरुस्त करेल. इतकी वर्षं मी त्या भरवशावरच झोपले, बासिलिओ."

मग मी सांगितलं. मीही जाणार होतो. होडीचा शाफ्ट आदल्या संध्याकाळी माझ्याकडे पुरा झाला, म्हणून पेटी माझ्याकडे राहिली. पहाटे ती मी सायकलवर घेऊन यायची, आणि पाणी, पेट्रोल, खाणं त्यांनी आणायचं, असं ठरलं होतं. मी निघालोही. खारफुटीपर्यंत पोचलो. झाडांमधून मला पाचही जण दिसत होते. होडी पाण्यात होती. आणि माझे पाय तिथून पुढे गेले नाहीत.

"म्हणजे तू बघत होतास."

"चिखलात बसलो होतो. पेटी मांडीवर."

"त्याने हाक मारली?"

"हाक कशी मारेल? शिट्टी वाजवली. दोन छोट्या, आमची शाळेतली. अर्धा तास थांबले ते. मग उजाडायला लागलं."

नेरेइदाने पाने एकेक करून परत पेटीत ठेवले, लहान-मोठे लावून.

"पेटी तरी नेऊन द्यायचीस," ती म्हणाली.

"दिली असती तर त्याने मला हाताला धरून होडीत ओढलं असतं."

"हो. ओढलं असतं." ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. "आणि तू त्या पंपाचा नट आवळत बसला असतास."

म्हणजे पंपाचं तिला माहीत होतं. मी ते सांगितलंच नव्हतं.

ती घरात गेली. मला कळेना, जावं की थांबावं. कॉफी गार झाली, तिच्यावर मुंग्या चढल्या. तासाभराने ती दारात आली. चेहरा धुतलेला होता.

"किती दिवसांचं राहिलंय?"

"तीन."

"कर पुरं."

ते तीन दिवस ती उपड्या बादलीवर माझ्यासमोर बसून होती. मध्येच एखादा प्रश्न विचारायची. त्याने अंगात काय घातलं होतं? पुढे कोण बसलं होतं? तो मागे वळला होता का? मी वायरी जोडत जोडत उत्तरं द्यायचो. सहा व्होल्टची जुनी वायरिंग फेकून बारा व्होल्टची घालायची होती, म्हणून मान खाली ठेवायला निमित्त होतं. पिवळा सदरा. पुढे योएल, इलारिओचा मुलगा. वळला होता, दोनदा, झाडांकडे.

रविवारी इंजिन चालू झालं. खडखड करत, काळा धूर सोडत, सगळी गाडी हलवत. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"हा आवाज त्याचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं झालं. बस, मला ती जागा दाखव."

गाडी तिने चालवली. पहिल्यांदा गिअर टाकताना तिचा हात सवयीने स्टिअरिंगवरच्या जुन्या दांड्याकडे गेला, मग खाली आला. खारफुटीपाशी तिने इंजिन बंद केलं. पाणी संथ होतं, चिखलात खेकड्यांची भोकं. मी बोटाने दाखवलं, ते तिथे होते, मी इथे.

ती मी दाखवलेल्या पहिल्या जागी जाऊन उभी राहिली, घोट्यापर्यंत पाण्यात. झाडांकडे तोंड करून तिने शिट्टी वाजवली. दोन छोट्या.



"दे उत्तर," ती म्हणाली.

मी ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली. तिने पुन्हा वाजवली. मी पुन्हा प्रयत्न केला. मग ती पाण्यातून बाहेर आली आणि चपला हातात घेऊन गाडीत बसली.

आता ती रोज रेमेदिओसच्या फेऱ्या करते. क्लच आवळायचा असला की निरोप धाडते. मी जातो, काम होईपर्यंत ती माझ्याजवळ न थांबता गल्लीत उभी राहते. ती पेटी तिने ठेवून घेतली, गाडीच्या डिकीत. माझ्यासाठी मी दुसरे पाने जमवले.

दुसरं तिने काय केलं, तर बाकीच्या चौघांच्या घरी जाऊन आली आणि माझ्याकडून ऐकलेलं सगळं सांगून आली. तेव्हापासून ते माझ्याकडे येतात. कोणाची बहीण, कोणाची बायको. ज्यांनी शिव्या दिल्या ते एकदाच येऊन गेले. बाकीचे विचारायला येतात, आणि मी सांगतो.

इलारिओ सगळ्यात शेवटी आला. ऐंशीच्या वर वय. काठी टेकत आला आणि दाराशी पडलेल्या टायरवर बसला.

"माझा योएल पुढे बसला होता म्हणे."

"हो. पाण्याचा कॅन पायांत धरून. डास चावतायत म्हणून कुरकुरत होता. तुम्हाला कॉफी आणू?"

"नको." त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "तुझ्यासाठी अर्धा तास थांबले ना रे, पोरा?"

"अर्धा तास."

"त्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला होता. मी मासेमार, मला आठवतो प्रत्येक वारा. अर्धा तास आधी निघाले असते तर..." त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. "कोण जाणे. नाही सांगता येत."

तेव्हापासून दर गुरुवारी तो येतो. त्याच टायरवर बसतो. विचारत काही नाही. मी काम करत राहतो. उन्हं कलली की तो उठतो, जातो म्हणून हात वर करतो, आणि मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जातो.