वहिनीची कवायत

बटाटे काढायचे तर माती तापायच्या आत सरी मोकळी करावी लागते. नाहीतर ढेकळं अशी आवळतात की कुदळ नुसती टणटण वाजत राहते. म्हणून त्या सकाळी बांधाच्या पलीकडे काकूंचं अख्खं घर सरीत वाकलेलं होतं आणि अलीकडे मी. मधला बांध वीतभर. एकमेकांचं खोकणंसुद्धा ऐकू जातं. मी कान देऊन ऐकत होतो असं कुणी म्हणू नये. कान झाकायला हात मोकळे लागतात, आणि माझ्या हातात कुदळ होती.

काकूंच्या धाकट्यानं आपली कुदळ खाली टाकली आणि म्हणाला, "मी परत जाणार नाही."

धाकटा फौजेत भरती झाला होता. निम्मं शिक्षण उरकल्यावर थोडी सुट्टी मिळाली, म्हणून खायला-झोपायला घरी आला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छावणीत हजर झाला नाही तर नाव कापलं जाणार, आणि एकदा कापलं की पुन्हा भरती नाही. तसं शेत थोरल्याच्या संसारालाच जेमतेम पुरायचं. शिवाय हा मिसरूड फुटल्यापासून गावाबाहेरच्या रस्त्यावर पळत आला होता तो याच नोकरीसाठी. पळताना कुत्री मागं लागायची, ती दमून परत फिरायची, हा नाही.

"फार पळवतात का रे?" मी बांधावरून विचारलं.

"पळण्याचं काय घेऊन बसलास दादा. पळण्यात मी पहिला. चिखलात रांगतो, ओझं घेऊन टेकडी चढतो. शहरातली पोरं वर जाऊन उलट्या करतात, मला भूक लागते."

"मग घोडं अडलं कुठं?"

"उस्तादापाशी."

उस्ताद म्हणजे त्यांना कवायत शिकवणारा. रोज सकाळी तो धाकट्याचं अंथरूण उचकटून बाहेर फेकायचा. म्हणायचा, सुरकुती आहे. सुरकुती नसायची. धाकट्यानं एकदा सरळ विचारलं, "कुठं आहे, दाखवा." त्याबद्दल अख्ख्या तुकडीला बंदूक डोक्यावर धरून मैदानाभोवती पळावं लागलं. दुसऱ्या दिवशी बुटावरून तेच. तिसऱ्या दिवशी तर उस्तादानं खंदक खणायला लावला आणि खणून झाल्यावर म्हणाला, बुजवा. हा म्हणाला, "मग खणायला कशाला लावला?" बटाट्याच्या रानातला माणूस, मातीत फुकट घातलेला घाम त्याला सोसत नाही. तुकडी पुन्हा पळाली. आता तुकडीतलं कुणी याच्याशी बोलत नव्हतं. हा जेवायला बसला की शेजारचा ताट घेऊन उठायचा.

"चूक असली तर हजार शिव्या खाईन," धाकटा म्हणाला. "पण नसलेली चूक कुठून कबूल करू?"

काकू सरीतून ताठ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज असा की पाखरं राखायला गोफण लागत नाही.

"कोण मेला तो? माझ्या लेकराच्या अंथरुणाला हात लावतो? केलेलं काम पुन्हा करायला लावायचं, वर चारचौघांत पाणउतारा करायचा. दुसऱ्याचं पोर म्हणजे काय उकिरड्यावर सापडलंय? काही नाही जायचं. राहा घरी." आणि त्याच दमात त्या सुनेकडे वळल्या, "ए, पोतं असं भरतात का? कर रिकामं. मोठे खाली, बारके वर. किती वेळा सांगायचं?"

सुनेनं पोतं उपडं केलं. मोठे खालीच होते. तिनं ते पुन्हा तसेच भरले. आणि भरता भरता तिला हसू फुटलं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण ऐकलेलं असतं. मला ते त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं. काकू वाईट नाहीत. माझ्या आजारपणात माझं सगळं रान त्यांनीच भिजवलं. पण सून घरात आली त्या दिवसापासून त्यांची जीभ तिच्यावर जी सुटली ती सुटलीच.

काकू तणतणत सरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि बटाटे निवडायला बसल्या. धाकटा वहिनीजवळ आला.

"वहिनी, तू हसलीस का?"

"कुठं? धूळ गेली नाकात."

"खरं सांग."

तिनं पोत्याचं तोंड दाबलं, दाभण ओवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही बंदूक शिकलात, पण नांदायला शिकला नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा उस्ताद सुरकुती शोधायला येत नाही. तुम्ही काय उत्तर देता ते बघायला येतो. तुम्ही रोज देता, तो रोज येतो. मीही पहिल्या वर्षी देत होते. घासलेली पातेली आईंनी पुन्हा घासायला टाकली की मी म्हणायचे, स्वच्छ आहेत. मग तिसऱ्यांदा घासावी लागायची. आता पुन्हा टाकली की मी ती दुसऱ्या कुणाची तरी समजून घासते. पातेल्याला काय कळतंय?"

धाकटा उकिडवा बसला. मीही कुदळ थांबवली. खोटं कशाला बोलू.

"पण राग येतो त्याचं काय करायचं?"

"जेवायचं. रागात ताट सरकवायचं नाही. उपाशी माणसाला बोलणं जास्त झोंबतं. आणि आपलं अंथरूण घालून झालं की शेजारच्याचं घालू लागायचं. सगळ्यांना तुमच्यापायी पळावं लागलं ना? मग त्यांच्यासाठी थोडं वाका. ओरडणारा एक असतो, सोबत निभावणारे पुष्कळ असतात. मला तेवढे पण नव्हते."

"मग तू रडायचीस कुठं?"

"विहिरीवर. मोटार चालू करायची. तिच्या आवाजात काही ऐकू जात नाही. तुमच्या छावणीत काहीतरी घरघरणारं असेलच, बघून ठेवा."

ती हे हसत सांगत होती, पण मला काही हसू येईना. कारण सकाळी सकाळी ती मोटार मी कित्येकदा ऐकली होती, आणि म्हणायचो, काकूंच्या रानाला केवढं पाणी लागतं.

वारं आमच्याकडून सरीच्या त्या टोकाला वाहत होतं. काकूंचे निवडणारे हात थांबले होते. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं सून दिराला बोलली आणि सासूला लागलं. मी मनात म्हटलं, आता रानात आग लागणार. पण काकू उठल्या, हात झटकले आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा अजून पांघरुणात होता, तर काकूंनी त्याची पिशवी भरून उंबऱ्यात ठेवलेली. मी दूध द्यायला गेलो होतो.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "जा तिकडं."

"काल तूच म्हणालीस, राहा."

"काल म्हणाले. परक्या घरची पोर माझ्या हाताखाली इतकी वर्षं टिकली. तुला चार महिने जड झाले? ऊठ, गाडी जाईल."

थोरला दात घासत होता, त्याचा हात तोंडातच राहिला. धाकटा निमूट उठला आणि गेला.

पुढचं त्यानं नंतर रंगवून सांगितलं. पहिल्याच सकाळी उस्तादानं अंथरूण फेकलं. हा म्हणाला, "जी उस्ताद," आणि पुन्हा घातलं. पुन्हा फेकलं, पुन्हा घातलं. मग शेजारच्याचंही घालू लागला. खंदक खणला, बुजवला, वर माती चोपून सारखी केली. आठवडाभर असं चाललं, तेव्हा उस्तादच बेचैन झाला. नाकाला नाक लावून त्यानं विचारलं, "काय रे, घरी कुणी चोपला का तुला?"

"नाही उस्ताद. वहिनीनं समजावलं."

"वहिनी फौजेत आहे?"

"नाही उस्ताद. आमच्या घरात आहे."

म्हणे उस्ताद तोंड फिरवून लांब गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून तुकडी धाकट्याच्या शेजारी जेवायला बसू लागली. छावणीत वीज बनवायचं एक यंत्र होतं, भयंकर घरघरायचं. शहरातल्या एका पोराला आईची फार आठवण यायची, त्याला यानं ती जागा दाखवली. स्वतः किती वेळा गेला ते मात्र सांगितलं नाही.

शिक्षण पुरं झालं त्या दिवशी घरच्यांना बोलावणं होतं. माझ्या गाडीतून आम्ही सगळे गेलो. धाकटा रांगेत असा चालला की काकूंना तो ओळखूच येईना. दुसऱ्याच एका पोराकडे बघून त्यांनी डोळे पुसले. कवायत संपल्यावर मैदानाच्या कडेला, झाडाखाली डबे सोडले. तेवढ्यात उस्ताद आला. मला वाटलं राक्षस असेल. बुटका, टक्कल पडलेला, आवाज तर अगदी मऊ. धाकट्याला म्हणाला, "जेवून घे बाळ, घाई नाही."

काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "तुम्ही याच्यावर ओरडायचात ना?"

"ओरडायचो आई."

"मग आज?"

"आज कशाला? शिकून तयार झाला पोरगा. तयार झालेल्या माणसावर ओरडलं तर त्याला शिकवणं कोण म्हणेल?"

एवढं बोलून तो पुढच्या घोळक्याकडे गेला. सून सगळ्यांना चहा देत होती. कवायत संपेपर्यंत उन्हात उभं राहून तिला घेरी आली असावी. हात हलला आणि सगळा चहा काकूंच्या मांडीवर सांडला. थोरल्यानं डोळे मिटले. धाकटा नव्या गणवेशात सवयीनं ताठ उभा राहिला. सून तर मान खाली घालून वाटच बघत होती.

काकूंनी तोंड उघडलं. मग मिटलं. भिजलेला कपडा त्यांनी झटकला, सरकून शेजारी जागा केली, आणि सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं. स्वतःच्या हातानं तिचं ताट वाढलं.

सून त्या ताटाकडे बघत राहिली. मग घाबरून नवऱ्याच्या कानाशी लागली, "अहो, आईंना बरं वाटत नाहीये का?"

"ऐकू येतं मला," काकू म्हणाल्या. "बरी आहे मी. सावकाश जेव."