सातव्या बटणावरचा चीक

मित्रांनो, तुमच्यातल्या काहींनी माझा आवाज मोबाइलवर ऐकला असेल. मला पाहिलेलं मात्र बहुधा कोणी नसेल. मी रावेरचा एक जुना बेंजो आहे. सागवानाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, एवढाच माझा देह. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या.

चाळीसगावच्या ज्ञानेश्वर मिस्त्रींनी मला घडवलं आणि अमीनभाईंनी मला रावेरला आणलं. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. ढोलावर सुकदेव, बेंजोवर अमीनभाई आणि ताशाला जो मिळेल तो. आमच्या मंडळींना लोक नुसतं 'बेंजोवाले' म्हणत.

अमीनभाई सकाळी केळी कापायला बागेत जात आणि लग्नसराईत संध्याकाळी वाजवायला. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. हाताला लागला की तो काळा पडतो आणि साबणाने जात नाही. बागेतून थेट मांडवात यावं लागे, तेव्हा अमीनभाई बोटं पँटला पुसत आणि मला मांडीवर घेत. असं करता करता तो चीक माझ्या बटणांच्या खाचांत उतरत गेला. सातवं बटण सगळ्यात जास्त दाबलं जाई, म्हणून तिथे तो सगळ्यात जास्त साचला. पुढे पुढे ते बटण दाबलं की लगेच वर येईना. हळूहळू वर येई, आणि तोवर जुना सूर नव्या सुरावर रेंगाळत राही.

अमीनभाईंनी बटण दुरुस्त केलं नाही, वाजवणं बदललं. सातव्या बटणापाशी त्यांची बोटं जरा थांबू लागली. सूर उतरेपर्यंत वाट पाहायची आणि मग पुढे जायचं, अशी सवयच त्यांच्या हाताला लागली.

लग्नात आम्हाला कोणी ऐकत नसे. लोक नाचत, जेवत, मोठ्याने बोलत. एकदा परतताना टेम्पोत अमीनभाई म्हणाले, "सुकदेव, माणसं समोर बसलीत आणि नुसतं ऐकताहेत, असं एकदा वाजवायचं आहे."

सुकदेव अमळनेरकडचा, त्याची बोली वेगळी. तो म्हणाला, "भाऊ, आपलं आयकीसन लोके बसतीन तं जेवाले कोन जाई?"

दोघे हसले. पण ती गोष्ट अमीनभाईंच्या मनातून गेली नाही.

मग उखर्डू पाटलांच्या घरची हळद आली, मांडव त्यांच्या केळीच्या बागेत. ऐन वेळी वीज गेली, मोठे स्पीकर बंद पडले आणि मांडवात आम्ही तेवढे वाजत राहिलो. कोणा पाहुण्याने ते अंधारातच मोबाइलवर टिपलं, दिसत काही नव्हतं, आणि इंटरनेटवर टाकलं. खाली नाव नाही, गाव नाही. नुसतं 'केळीच्या बागेतला बेंजो'.

त्यानंतर वर्षभरात डीजे आले आणि आमच्या सुपाऱ्या संपल्या. मी खिळ्याला टांगला गेलो. तिकडे मात्र तो आवाज फिरत राहिला. अमीनभाईंची मुलगी हुमा शिलाई मशीनवर बसून चित्रफितीखाली लोकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचायची. अकरा लाख लोकांनी ऐकलं होतं. कोणी चिली नावाच्या देशातून लिहिलं होतं की हा सूर जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दर पायरीवर थांबतो. कोणी तो सूर झोपताना लावत असे.

"चिली कुठे आलं?" हसीनाबी, म्हणजे अमीनभाईंच्या पत्नी, विचारत.

"लांब, अम्मी."

"मग तिथल्या लग्नाला बोलावणार नाहीत."

एक दिवस एका ओळखीच्या घरी बारशाला वाजवायला आम्ही यावलच्या गाडीत बसलो. मी गवसणीत, अमीनभाईंच्या मांडीवर. शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर माझाच आवाज चालू होता.

"काका, ऐका हे," तो म्हणाला. "कोणीतरी पाठवलंय. काय वाद्य आहे कोण जाणे. बाहेरच्या देशातलं असेल."

अमीनभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "असेल."

त्या दिवशी घरी आल्यावर हुमाने त्या चित्रफितीखाली लिहिलं, "हे माझे अब्बा आहेत. आम्ही रावेरला राहतो." तीन दिवस कोणी विश्वास ठेवला नाही. चौथ्या दिवशी पुण्याहून भूमिका नावाच्या बाईंचा फोन आला. असल्या अनोळखी वादकांना बोलावून त्या कार्यक्रम करत. त्या म्हणाल्या, "काका, दीडशे माणसं खुर्च्यांवर बसून तुम्हाला ऐकतील. नाचणं नाही, जेवण नाही. आधी मी घरी येऊन तुम्हाला भेटते."

अमीनभाईंनी फोन खाली ठेवला आणि सुकदेवला निरोप धाडला.

पाहुणे येणार म्हटल्यावर हसीनाबींनी घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं. भांडी घासली, पडदे धुतले. अमीनभाई बागेत गेलेले असताना त्यांची नजर माझ्यावर गेली. "एवढ्या लांबून माणूस येणार आणि हे असं काळं, चिकट दाखवायचं?" असं पुटपुटत त्यांनी मला खाली उतरवलं. बाटलीत उरलेलं रॉकेल फडक्यावर घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक खाच पुसली. सातव्या बटणाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मला काही दुखलं नाही. फक्त हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भूमिका आल्या. चहा झाला. अमीनभाईंनी मला मांडीवर घेऊन वाजवायला सुरुवात केली. सातव्या बटणापाशी त्यांची बोटं सवयीने थांबली. बटण चटकन वर आलं. बोटं थांबलेलीच होती, पण सूर रेंगाळला नव्हता. तिथे नुसती रिकामी जागा होती.

सुकदेवने ढोलावरचा हात उचलला. "भाऊ, आवाज साफ शे. पन आपला नही वाटस."

भूमिकांनी हळूच विचारलं, "तो लांबणारा सूर कुठे आहे, काका?"

अमीनभाईंनी बटणाखाली बोट घालून पाहिलं. बोटाला काहीच लागलं नाही. त्यांनी हसीनाबींकडे पाहिलं.

"मी काय वाईट केलं?" हसीनाबी म्हणाल्या.

"काही नाही," अमीनभाई म्हणाले. "पाहुणे येणार होते."

भूमिका भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तरी या. लोक वाट पाहत आहेत."

आम्ही पुण्याला गेलो. दुपारचा कार्यक्रम होता. दीडशे माणसं खरंच खुर्च्यांवर बसली होती. अमीनभाईंनी तीन चाली वाजवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बारशातल्यासारख्याच होत्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ती मूळची चित्रफीत लावाल का?"

भूमिकांनी अमीनभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मोठ्या स्पीकरवर उखर्डू पाटलांचा मांडव सुरू झाला. पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज आणि त्यातून माझा जुना सूर, थांबत थांबत उतरणारा. लोकांनी डोळे मिटले. कोणी हललं नाही.

अमीनभाई समोर बसले होते. मी मांडीवर, त्यांचे दोन्ही हात माझ्यावर, न वाजवता. माणसं बसून नुसती ऐकत होती. अमीनभाईंना हवं होतं तसंच.

आता आम्ही पुन्हा रावेरला आहोत. इथे कोणी काही विचारत नाही. अमीनभाई बागेतून येतात ते हात न पुसता माझ्याजवळ बसतात. सातवं बटण दाबतात आणि दाबून धरतात. हसीनाबी ते पाहतात आणि हातातलं फडकं दाराआड टाकतात.

मित्रांनो, माझं सांगणं थोडं आहे. जुनी वस्तू जरूर पुसा, जपा. पण त्याआधी ती वापरणाऱ्याला एकदा विचारा की यातलं काय राहू द्यायचं आहे.

चीक अजून पातळ आहे. बटण लगेच वर येतं. मागच्या वेळी तो साचायला वीस वर्षं लागली होती. अमीनभाई यंदा चौसष्टचे झाले.