दैवाच्या बाजूनं स्वानंद

चिठ्ठी उघडली आणि लता ओरडलीच, "अहो, हे उलटं झालं!"

कतारमध्ये, दोहा शहरातल्या मराठी मंडळानं शुक्रवारी दुपारी वादविवाद ठेवला होता. विषय होता, ग्रीक महाकाव्यांतला वीर हा दैवाच्या हातातलं बाहुलं असतो का. परीक्षक आसावरीताई इथल्याच एका शाळेत साहित्य शिकवायच्या, विषय त्यांनीच सुचवलेला. अंतिम फेरीत उरली दोनच माणसं, लता आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा स्वानंद. बाजू चिठ्ठीनं ठरणार होती. पत्रिका दाखवल्याशिवाय गाडीसुद्धा बुक न करणाऱ्या लताच्या वाट्याला आली माणसाच्या इच्छेची बाजू. आणि नशीब म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्या स्वानंदला दैवाची!

सभागृहात हशा पिकला. लताचा नवरा देवीदास रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं थेट इथे आला होता, कामाच्या कपड्यांतच. "यल्ला, चल स्वानंद!" तो पहिल्या रांगेतून ओरडला. मग बायकोची नजर बघून घाईघाईनं म्हणाला, "लता, तूपण!"

या कथा लताला मुळात स्वानंदनंच सांगितल्या होत्या. त्याला त्या शाळेत अभ्यासाला होत्या. ओट्याला टेकून तो सांगायचा, अडला की इंग्रजीत घुसायचा. मग लता पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "मराठीत सांग, नाहीतर मला कळलं नाही." त्यामुळे दोघांची तयारी अगदी सारखी होती.

स्वानंद आधी उठला. "देव स्वतः तराजू धरतो. दोन वीरांची मरणं दोन पारड्यांत. ज्याचं पारडं खाली गेलं, तो खलास! देवाला तो आवडतो, त्याला वाचवावंसं वाटतं, पण वाचवता येत नाही. जिथे देवाचं चालत नाही, तिथे माणसाचं काय चालणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याची मराठी अडखळत होती, पण थांबत नव्हती. लताला प्रतिस्पर्धी असूनही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तिनं माइक घेतला. "सगळ्यांत मोठ्या वीराला त्याच्या आईनं दोन वाटा सांगितल्या होत्या. घरी गेलास तर म्हातारा होशील, पण तुझं नाव कुणाला आठवणार नाही. लढलास तर इथेच मरशील, पण लोक तुझी गाणी गातील. मला सांगा, बाहुल्याला कुणी विचारतं का, बाबा रे, कुठल्या वाटेनं जातोस?"

"पण त्याचा मित्र मेला!" स्वानंद ताडकन उठला. "तो रागानं वेडा झाला. वेडा माणूस निवडतो कुठे? तो खेचला जातो!"

आता अर्धं सभागृह त्याच्या बाजूनं ओरडत होतं, अर्धं तिच्या. आसावरीताई टेबल वाजवून दमल्या. लताची शेवटची पाळी आली. तिनं हातातले कागद खाली ठेवले.

"एक सांगते. हे घरातही कुणाला माहीत नाही. ह्यांना इथली नोकरी लागली तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. नाशिकच्या गुरुजींनी पत्रिका बघितली. म्हणाले, माहेरी राहिलीस तर सगळं सुरळीत होईल. समुद्र ओलांडलास तर बाळंतपण जड जाईल. मी ह्यांना काहीच बोलले नाही. बॅग भरली आणि आले."

"काय?" देवीदास खुर्चीतून अर्धा उठला.

"स्वानंद सातव्या महिन्यात झाला. काचेच्या पेटीत होता. माझीही दोन दिवस शुद्ध हरपली होती."

"म्हणजे भविष्य खरं ठरलं!" स्वानंदनं दोन्ही हात वर केले. "मी जिंकलो!"

सभागृह दणाणलं. त्या गलक्यावर लताचा आवाज चढला. "खरं ठरलं! गुरुजी चुकले नाहीत, मी अजूनही त्यांनाच विचारते. पण काय होणार एवढंच त्यांनी सांगितलं. यायचं की नाही, ते मी ठरवलं. मला ह्यांच्याजवळ राहायचं होतं. शुद्धीवर आल्यावर त्या पेटीशेजारी बसले होते, तेव्हासुद्धा चुकलं असं वाटलं नाही. आज पुन्हा विचारा, पुन्हा विमानात बसेन!"

स्वानंदचे हात हळूहळू खाली आले. उत्तराची पाळी त्याची होती. तो माइकपाशी गेला आणि आईकडे वळला.

"माझ्याकडे अजून एक मुद्दा आहे," तो म्हणाला. "चांगला आहे. पण मी तो मांडणार नाही. मला कुणी अडवलेलं नाही. मीच ठरवलंय."

मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि मग सगळेच उभे राहिले. आसावरीताईंनी गुणांचा कागद न बघताच लताचं नाव पुकारलं.

देवीदास धावत स्टेजवर चढला. "अगं, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर येऊ दिलं असतंत?"

त्यानं विचार केला. "नाही."

"मग?"

"आई, त्या पेटीचं सांग," स्वानंद मध्येच घुसला. "मी केवढा होतो? बाबा तेव्हा कुठे होते?"

"मी बाहेर उभा होतो रे, मला आत सोडत नव्हते..."

"तुम्ही थांबा, मी सांगते!"

मंडळाची माणसं खुर्च्या उचलायला आली होती, तरी तिघंही स्टेजच्या मधोमध उभी राहून एकाच वेळी बोलत होती.